मातीच्या भिंतीला बाभूळ, हिरडा आणि डाळिंबाच्या सालीचं पाणी : सोलापूरकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गड्ड्याची जत्रा उरकली आणि थंडी ओसरायला लागली की आपल्याकडे माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांची डागडुजी निघते. त्याच सुमाराला एक प्रश्न हमखास येतो : "झाडाच्या सालीचं पाणी गाऱ्यात घातलं तर भिंत पावसाला टिकते म्हणे, खरं का?" सालीतल्या टॅनिन या तुरट पदार्थामुळे ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं मातीवर, पाण्यावर आणि भिंतीच्या डोक्यावर काय आहे त्यावर ठरतं. नेहमी विचारलं जाणारं इथे एकत्र केलं आहे.

टॅनिन म्हणजे नेमकं काय?

बाळहिरडा दाताखाली चावला की जीभ आवळते आणि तोंड कोरडं पडतं. हे टॅनिनचं काम. लाळेतल्या प्रथिनांना ते पकडतं, म्हणून तोंडाचा ओलसरपणा गेल्यासारखा वाटतो. कातडं कमावताना हाच गुण कामी येतो. कातडीतल्या प्रथिनांना टॅनिनने धरून ठेवलं की कातडं कुजत नाही आणि पाण्यात भिजलं तरी सडत नाही. साल, शेंगा, फळांची टरफलं, कच्ची फळं यांत ते जास्त असतं. चहाचा तुरटपणाही त्याचाच.

मातीत घातल्यावर ते करतं काय?

तीन कामं करतं, आणि ती वेगवेगळी आहेत. लोक या तिन्हींची सरमिसळ करतात आणि मग अपेक्षाभंग होतो.

पहिलं काम गारा कालवतानाच दिसतं. चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात आणि ते कडांनी एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात. टॅनिन त्या कडांवर जाऊन बसतं, गुठळ्या सुटतात आणि घट्ट गारा अचानक सैल पडतो. म्हणजे तेवढाच गारा कमी पाण्यात कालवता येतो. पाणी कमी म्हणजे वाळताना आकसणं कमी, भेगा कमी, आणि वाळलेला थर जास्त घट्ट. तेलविहिरी खोदताना चिखल पातळ ठेवण्यासाठी दक्षिण अमेरिकेतल्या क्वेब्राचो झाडाचं टॅनिन विसाव्या शतकात वापरत असत, त्यामागेही हेच कारण होतं.

दुसरं काम लोखंडाशी. मातीतलं विरघळू शकणारं लोह आणि टॅनिन एकत्र आले की काळपट निळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. जुनी काळी शाई यापासूनच होत असे. हा पदार्थ कणांच्या मधल्या फटीत बसतो आणि भिंतीवर पाणी पडलं तरी कण सहज सुटत नाहीत.

तिसरं काम शेणाशी आणि भुशाशी. शेणातली प्रथिनं टॅनिनने धरून ठेवली की ती लवकर कुजत नाहीत, बुरशीही कमी लागते.

यातलं एकही काम सिमेंटचं नाही. भिंत दगडासारखी होणार नाही. पावसाचे शिंतोडे ती जास्त काळ सोसेल, एवढंच.

सोलापुरात टॅनिन मिळवायचं कुठून?

सगळ्यात सोपी म्हणजे देशी बाभूळ. ओढ्याकाठी, बांधावर भरपूर आहे. सालीत टॅनिन साधारण १२ ते २० टक्के असतं, शेंगांतही चांगलं असतं. पण उभ्या झाडाची साल सोलू नका. बुंध्याभोवती साल काढली की झाड वाळतं. सरपणासाठी किंवा अवजारांसाठी बाभूळ आधीच तोडलेली असेल तर त्या लाकडाची साल घ्या, किंवा उन्हाळ्यात खाली पडलेल्या शेंगा गोळा करा. शेंगांसाठी शेळ्यांशी स्पर्धा आहे हे गृहीत धरा.

माळरानावरचा तरवड दुसरा. त्याच्या सालीवर दक्षिणेतला कातडी कमावण्याचा मोठा धंदा चाले. झुडूप लहान असल्यामुळे साल थोडीच निघते. एका खोलीच्या गिलाव्यासाठी माळ उघडा करण्यात अर्थ नाही.

हिरडा हा आपल्याकडचा नव्हे. तो सह्याद्रीतून येतो, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो आणि टॅनिनच्या बाबतीत सगळ्यात भारी आहे, फळात ३० टक्क्यांच्या वर. पण भिंतीभर लागेल एवढा विकत घ्यायचा म्हणजे खिसा जड हवा. फक्त वरच्या हातासाठी, म्हणजे शेवटच्या पातळ लेपासाठी, तो परवडतो.

आणि राहिलं डाळिंब. आमच्या मते सोलापूर जिल्ह्याने आधी इकडे बघायला हवं. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, पूर्वी रंगाऱ्यांकडे आणि चामड्याच्या कामात ती वापरली जात असे. ज्यूसवाल्यांकडे सालींचा ढीग रोज उकिरड्यावर जातो. मृग बहराची फळं डागडुजीच्या हंगामातच उतरतात आणि तडकलेला, डागी माल बाजूला निघतो. साल सावलीत कडक वाळवा, पोत्यात भरा, वर्षभर टिकते. तेल्या रोग पडलेल्या बागेतली फळं वापरायची असतील तर ती उकळल्याशिवाय दुसऱ्या शिवारात नेऊ नका, आणि उरलेला चोथाही बागेत टाकू नका.

वेडी बाभूळ चालेल का? ती तर फुकट आहे.

नाही चालणार. वेडी बाभूळ वेगळ्या जातीचं झाड आहे. तिच्या शेंगा पिवळसर, किंचित वाकड्या आणि चवीला गोड असतात. त्या साखरेने मुंग्या येतील आणि बुरशी धरेल. देशी बाभळीची शेंग राखाडी असते आणि दोन बियांच्या मध्ये आवळलेली, मण्यांची माळ ओवल्यासारखी. एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या की पुन्हा गल्लत होत नाही.

काढा करायचा कसा?

साल किंवा शेंगा ठेचून घ्या, पूड करायची गरज नाही. १ किलोला १० लिटर पाणी घालून रात्रभर भिजत ठेवा. सकाळी मंद आचेवर उकळा, पाणी निम्म्यावर येईपर्यंत. गाळून घ्या. रंग दाट चहासारखा आला आणि बोटाला चिकटपणा लागला की झालं.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी कढईत केलात तर काढा काळा होईल आणि टॅनिन भिंतीऐवजी कढईशी भांडण्यात खर्च होईल.

पाण्याचंही बघा. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम टॅनिनला पकडून गाळ करतो, म्हणून काढ्याच्या तळाशी तपकिरी चोथा बसतो. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर तेच घ्या.

काढा दोन-तीन दिवसांत संपवा. आंबला तर फेकायचं कारण नाही, गाऱ्यात चालतो, पण वास घरभर फिरतो.

लोखंडाचं पाणी घालायला सांगतात ते कशासाठी?

सोलापूरच्या जमिनीत चुनखडी जास्त आहे आणि माती अल्कधर्मी आहे. काळ्या बसाल्टपासून झालेली माती, तेव्हा लोह भरपूर असायला हवं, आणि असतंही. पण ते मातीत अडकून पडलेलं असतं. द्राक्षाचे आणि डाळिंबाचे शेंडे पिवळे पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, हे ज्यांनी बघितलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मातीत लोह आहे, पण झाडाला मिळत नाही. टॅनिनलाही मिळत नाही, कारण तेच.

म्हणून बाहेरून थोडं द्यायचं. रीत कापड रंगवणाऱ्यांची आहे : गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे, मूठभर गूळ आणि पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत घालून सैल झाकण ठेवायचं. दोन-तीन आठवड्यांत वर फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि पाणी तपकिरी होतं. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो.

काम झालं की नाही हे बघायला एका बशीत चमचाभर काढा घ्या आणि त्यात या पाण्याचे दोन थेंब सोडा. थेंब पडल्याजागी ढगासारखा काळा डाग पसरला की दोन्ही तयार आहेत. नुसता तपकिरी राहिला तर एकतर काढा पातळ आहे नाहीतर लोखंड अजून उतरलेलं नाही.

दोन्ही एकत्र करून गाऱ्यात ओतू नका. तसं केलं तर काळा साका बादलीतच बसतो आणि भिंतीपर्यंत पोचत नाही. आधी काढ्यात गारा कालवायचा, भिंतीला लावायचा, आणि ओल असतानाच वरून लोखंडाचं पाणी पातळ करून ब्रशने फिरवायचं. लाल मुरूम किंवा गेरू मातीत असेल तर याची गरज कमी पडते.

काळी माती चालेल का? शेतात तीच आहे.

भिंतीसाठी नको. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की हातभर भेगा पडतात. तिच्यातलं खनिज थरांच्या मध्ये पाणी घेतं. टॅनिनचे रेणू मोठे असतात, ते मुख्यतः बाहेरच्या कडांवर काम करतात. फुगणं त्यांनी थांबत नाही.

काळ्या मातीला आवरायचं तर चुना, वजनाच्या ३ ते ८ टक्के, आणि तोही तपासणी करून. घराच्या पायाखाली काळी माती असेल तर हे पान बंद करा आणि इंजिनिअरला बोलवा. फुगणाऱ्या जमिनीसाठी खाली फुगवटा असलेले खास पाइल असतात. झाडाच्या सालीने पाया सुधारत नाही.

मग कोणती माती?

पांढरी, म्हणजे गावठाणाची फिकट माती. पण गावच्या पांढरीचं टेकाड खणायला निघू नका. आपल्या भागातली बरीच टेकाडं म्हणजे जुन्या वसाहती आहेत. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अशाच टेकाडांतून सातवाहनकाळच्या वस्तू निघाल्या. पडलेल्या भिंतीची माती हीच सगळ्यात उत्तम : ती एकदा निवडलेली, चाळलेली, तुडवलेली असते आणि तिने पन्नास-शंभर वर्षं काम करून दाखवलेलं असतं. ढेकळं फोडा, चाळा, पुन्हा भिजत घाला.

शंका असली तर काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात खाली बसते, त्यावर गाळ, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर चिकणमातीचा गुळगुळीत थर. हा वरचा थर एकूण मातीच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढा असला की गिलाव्याला माती चांगली. निम्मा असला तर वाळू वाढवा.

एक अडचण सांगून ठेवतो. पांढऱ्या मातीत राख आणि चुना असतो, त्यामुळे गारा सैल करण्याचं टॅनिनचं पहिलं काम इथे थोडं लंगडं पडतं. लाल मातीत ते जसं डोळ्यांसमोर घडतं तसं पांढरीत घडेलच असं नाही. तुमच्या मातीत किती होतं ते हातभर जागेवर करून बघा.

गारा कसा मुरवायचा?

चाळलेल्या मातीत गव्हाचा भुसा घाला, काढा आणि पाणी निम्मं-निम्मं, आणि तुडवा. मग झाकून ठेवा, निदान आठवडाभर. रोज एकदा तुडवायचं. मुरताना आत हवा नसते आणि भुसा कुजायला लागतो, त्या स्थितीत मातीतलं अडकलेलं लोह थोडं सुटतं आणि टॅनिनच्या हाती लागतं. जुने गवंडी गारा कुजवल्याशिवाय थापी हातात घेत नसत, त्यात हाही फायदा होता. शेण मात्र गारा भिंतीला लावण्याच्या आदल्या दिवशी मिसळा.

भिंत आधी झाडून ओली करा. पहिला हात जाड, तो वाळून बारीक भेगा दिसल्या की दुसरा पातळ. शेवटच्या हाताला नुसता काढा ब्रशने दोनदा, मध्ये वाळू देऊन. काम संक्रांतीनंतर ते शिमग्यापर्यंत आटपा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात जातो, गिलावा वरून तापून वाळतो, आत ओला राहतो आणि फुटतो. करायचंच असेल तर संध्याकाळी करा आणि ओली गोणपाटं बांधा.

टिकेल की नाही हे आधी कसं कळेल?

त्याच गाऱ्याच्या दोन वड्या करा, एक काढ्याची, एक साध्या पाण्याची. जाडी सारखी. सावलीत पूर्ण वाळवा. मग दोन्ही तिरक्या ठेवा आणि हातभर उंचीवरून नळाचा थेंब थेंब सोडा, दोन्हींवर सारखा वेळ. साध्या वडीला खळगा पडतो आणि पाणी गढूळ वाहतं. काढ्याच्या वडीवरचा खळगा उथळ असला, खालचं पाणी जवळपास नितळ असलं, तर भिंतीला लावा. दोन्हींत फरकच नसेल तर तुमच्या मातीला हा उपाय लागू नाही. सालीवर पैसे घालवण्याऐवजी छपराची पागोळी पुढे काढा.

खरं तर पागोळीचं आधीच बघायला हवं. मातीच्या भिंतीला डोक्यावर टोपी आणि पायात जोडे लागतात. दगडी जोतं आणि बाहेर आलेलं छप्पर असेल तर साधा गारासुद्धा वर्षानुवर्षं टिकतो. ते नसेल तर परतीचा एकच मोठा पाऊस पुरतो.

माळवदावर घालता येईल का?

येईल, आणि पाणी मुरणं कमी होतं. पण त्याआधी एक काम. दरवर्षी गळतीवर नवा थर टाकत गेल्याने बऱ्याच माळवदांवर मातीचा भार भलताच वाढलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यावरची जड माळवदं अंगावर आल्याने. आपला जिल्हा तिथून लांब नाही. म्हणून नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढा. तुळया आणि किलचं सुताराला दाखवा. मग सालीच्या काढ्यात मुरवलेला पातळ थर द्या, पन्हाळीकडे उतार ठेवून. टॅनिनने भिंत भूकंपाला टिकत नाही; टिकते असं कुणी सांगत असेल तर त्याला घरात घेऊ नका.

भिंतीला आधीच सिमेंटचा गिलावा आहे. त्यावर लावू?

काही उपयोग नाही. सिमेंटमुळे आतली ओल अडते, माती मागून सैल होते आणि एक दिवस सगळा पापुद्रा उतरतो. सिमेंट उतरवूनच काम करावं लागतं.

चुन्यात हिरडा घालतात, मग गाऱ्यात चुना आणि काढा दोन्ही घालू का?

चुन्याच्या गिलाव्यात गूळ आणि हिरडा घालायची रीत जुनी आहे, पण तिथे खेळ चुन्याचा असतो. मातीच्या गाऱ्यात दोन्ही घातले तर एकमेकांचं काम बिघडवतात : टॅनिन कण सुटे करतं, चुना त्यांच्या गुठळ्या करतो. एकच निवडा. भिंत सतत ओलीत असेल, जसं न्हाणीघर, तर चुना. बाकी ठिकाणी काढा.

तळ्यातला गाळ किंवा खताने भरलेली सेंद्रिय माती टॅनिनने पक्की होईल का?

बांधकामापुरतं बोलायचं तर गाळ वापरू नका. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेली माती दाबली की बसत जाते, कुजत जाते, आणि त्यातली ह्यूमिक आम्लं सिमेंटलाही नीट धरू देत नाहीत. टॅनिनमुळे कुजणं मंदावतं हे मात्र खरं. पाणथळ दलदलीत झाडांचा पाला शतकानुशतकं साठून राहतो, त्यामागे हवेचा अभाव आहेच, पण टॅनिनसारखे पदार्थ कुजवणाऱ्या विकरांना अडवतात हेही एक कारण आहे. मंदावणं आणि भार पेलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गाळाची जागा शेतात.

आणि त्या शेतात काढा ओतू नका. टॅनिन प्रथिनांना धरून ठेवतं म्हणजे नत्रही धरून ठेवतं. पिकाला ते हळूहळू मिळेल, आणि हंगामात हळूहळू म्हणजे उशिरा. बाभळीचा पाला आच्छादन म्हणून पसरला तर हरकत नाही.

वाळवी थांबते का?

थोडी नाउमेद होते, थांबत नाही. लाकडाला वेगळा उपाय करा.

हे फक्त आपल्याकडचंच आहे का?

अजिबात नाही. बुर्किना फासोमधल्या टिएबेले गावात कासेना लोकांच्या मातीच्या घरांवर बायका चित्रं काढतात आणि वरून नेरे झाडाच्या शेंगांचा काढा फिरवतात, चकाकी यावी आणि पाणी झिरपू नये म्हणून. तिथलं राजघराण्याचं आवार २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. नेरेचा एक भाऊबंद आपल्या बागांत, रस्त्याकडेला दिसतो, चेंडूसारखी फुलं येणारा.

भिंतीचा रंग काळवंडतो का? आणि उरलेल्या काढ्याचं काय करायचं?

हो, लोखंडाचं पाणी लावलं तर करड्यापासून काळ्यापर्यंत. नुसत्या काढ्याने तपकिरी. ज्यांना पांढरीफेक भिंत हवी त्यांनी बाहेरच्या बाजूलाच हे करावं आणि आत पांढऱ्या मातीचा पोतेरा द्यावा. हातालाही डाग पडतात, चार-पाच दिवसांत जातात, हातमोजे घातले तर बरंच. उरलेला काढा विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, मासे मरतात. अंगणात शिंपडा आणि चोप द्या, धूळ कमी उडते.